सूर जमा, नाव नावे

आमच्या घरात संगीत आलं ते 1984 साली, आणि तेही लोकलच्या मालडब्यातून.

आमचे वडील, म्हणजे नाना, रेल्वेच्या हिशेब खात्यात व्ही. टी.ला नोकरीला होते. त्या वर्षी कसलीशी थकबाकी एकरकमी त्यांच्या हातात पडली. आमच्या मुलुंडात तेव्हा थकबाकी मिळाली की माणसं पंखा घेत, फार तर फ्रीज घेत. नाना लॅमिंग्टन रोडला गेले आणि हाय-फाय घेऊन आले. एक टर्नटेबल, एक अ‍ॅम्प्लिफायर, एक कॅसेट डेक आणि तपकिरी जाळीचे दोन स्पीकर. अ‍ॅम्प्लिफायरवर कुठल्याच कंपनीचं नाव नव्हतं. तो 'असेंबल्ड' होता. ज्या रस्त्याचं कागदोपत्री नाव डॉ. भडकमकर मार्ग असूनही गिऱ्हाईक आणि दुकानदार दोघेही त्याला लॅमिंग्टन रोडच म्हणतात, तिथून बिननावाची वस्तू यावी यात नवल नाही. ग्रँट रोडहून दादर, दादरला पूल ओलांडून मध्य रेल्वे आणि मग मुलुंड स्लो. मालडब्यात मासळीच्या पाट्यांमध्ये नाना स्पीकर मांडीवर घेऊन बसले होते. एका कोळणीने विचारलं, "साहेब, यात काय हाय?" नाना म्हणाले, "भीमसेन जोशी." तिने जरा सरकून जागा करून दिली.

मी तेव्हा चार वर्षांचा होतो. प्रसंग मी पाहिलेला नाही. पण इतक्यांदा ऐकलाय की त्या पाटीत बोंबील होते की मांदेली, एवढंच सांगायचं बाकी आहे.

हॉलमध्ये स्पीकरना जागा करण्यासाठी आईचं शिवणयंत्र गॅलरीत गेलं. आई एवढंच म्हणाली, "आणि पावसाचं काय?" नाना खुशीत म्हणाले, "मियाँ मल्हार आणतो ना पुढच्या महिन्यात!" आईने पुढे काही विचारलं नाही. यंत्रावर तिने एक प्लास्टिक टाकलं.

मग रविवार सुरू झाले. नाना आंघोळ करून, मखमलीच्या फडक्याने तबकडी पुसत आणि ती लावण्यापूर्वी तिच्या वेष्टनाची मागची बाजू मोठ्याने वाचत. गायन अमुक, तबला तमुक, संवादिनी अमुक, तंबोरा तमुक आणि तमुक. फलाटावर गाडीची घोषणा व्हावी तसं ते वाचन असे, आणि त्यानंतर गाडी खरोखर वेळेवर येई. पुष्कळ वर्षं मला हे वाचन गाण्याचाच भाग वाटायचं. एक बाजू वीस-बावीस मिनिटांत संपायची. मग चहा. मग दुसरी बाजू. तंबोऱ्यावर कोण होतं हे ज्याला माहीत नाही, त्याला आमच्या घरी दुसऱ्या बाजूचा चहा मिळत नसे.

शिवाय नाना हिशेब खात्यातले. लाल कापडी पुठ्ठ्याच्या वहीत प्रत्येक तबकडीची नोंद होती. अनुक्रमांक, कलावंत, साथ, कुठून घेतली, किंमत आणि शेरा. काळा घोड्याच्या 'ऱ्हिदम हाउस'मधून आणलेल्या एकेका तबकडीपुढे शेऱ्याच्या रकान्यात 'पावसात भिजत आणली', 'सौ.ला आवडली नाही', 'सौ.ला आवडली, दोनदा लावली' असे शेरे आहेत. ते दुकान 2016 साली बंद झालं. वही चालू आहे.

असा तो हाय-फाय चाळीस वर्षं चालला. मग टर्नटेबलचा रबरी पट्टा सैल पडला आणि आमच्याकडचे सगळे गवई एकदम अर्ध्या सुराने उतरले. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. नाना मात्र म्हणाले, "आज बुवांना बरं नाही वाटतं." तीन रविवार लागोपाठ तीन वेगवेगळ्या बुवांना बरं नाही, असं झाल्यावर मी दुरुस्तीवाला आणला. त्याने झाकण उघडलं, आत बघितलं आणि नमस्कार केला. यंत्राला की आम्हाला, ते कळलं नाही. पट्टा कुठूनसा मिळाला, पण तो जाताना म्हणाला, "एकदाच सगळं उतरवून घ्या. पुढच्या वेळी मी नसेन किंवा हा नसेल."

आमच्या बँकेतल्या सिस्टिम्सच्या मुलाला मी हे सांगितलं. वय सत्तावीस. तो म्हणाला, "सोप्पंय सर. डेटा मायग्रेशन."

मायग्रेशन म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला. मी बँकेत चिकटलो तेव्हा शाखेतली लेजरं संगणकात चढवायचं काम चालू होतं. महिनाभर रात्री जागून आम्ही ते केलं, आणि शेवटी शिल्लक पैशासकट जुळली. पेढे वाटले. पण त्या जुन्या लेजरांच्या समासात पेन्सिलीने लिहिलेली एक बँक होती. 'हे गृहस्थ सही कानडीत करतात.' 'यांना कमी ऐकू येतं, मोठ्याने बोलावे.' 'मुलगा आला तर आधी आईला विचारणे.' ही बँक संगणकात गेली नाही, कारण तिच्यासाठी रकानाच नव्हता. आकडे आले, माणसं राहिली. पुढे वर्षभर आम्ही त्या गृहस्थांशी हळू आवाजात बोलत होतो आणि ते आमच्यावर ओरडत होते.

तरीही मी गाण्यांचं मायग्रेशन केलं. आमच्या कन्येची दहावी नुकतीच झाली होती आणि सुट्टी होती. तबकड्या 212. एकेक साधारण 40 मिनिटांची. एक गोष्ट मला आधी ठाऊक नव्हती, ती वाचकांच्या उपयोगी पडावी म्हणून सांगतो: तबकडी संगणकात उतरवायची तर ती पूर्ण वाजवावीच लागते. घाई चालत नाही. बागेश्रीला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच. म्हणजे 212 गुणिले 40, एकूण 141 तास. बँकेच्या हिशेबाने जेवणाची सुट्टी धरून वीस दिवस. एवढा वेळ सलग शास्त्रीय संगीत ऐकल्यामुळे आमच्या हिचे शेजारणींशी संबंध सुधारले, कारण ती सारखी त्यांच्याकडेच असायची.

शेवटी जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी आली, तिला एक हार्ड डिस्क जोडली, आणि सगळ्या तबकड्या त्या डिस्कच्या एका कोपऱ्यात मावल्या. वर महिन्याच्या वर्गणीत जगातली कोट्यवधी गाणी. टर्नटेबल माळ्यावर गेलं. आता या सगळ्यावर माझं मत काय? मी संगीताचा समीक्षक नाही. काउंटर नंबर तीनवर बसणारा बी. कॉम. माणूस आहे. गाण्यातलं मला कळत नाही, पण ऑडिट कसं करतात हे कळतं. तेव्हा हे नुसतं ऑडिट समजावं.

पहिला मुद्दा, आवाजाचा. इथे नव्या यंत्राला पैकीच्या पैकी गुण द्यायला हवेत. आम्ही दिवसातून एकदा रोख मोजतो. हे यंत्र साध्या सीडीच्या दर्जालासुद्धा आवाजाची मोजणी सेकंदाला 44,100 वेळा करतं, आणि दर वेळी तो आवाज 65,536 पायऱ्यांपैकी नेमक्या कुठल्या पायरीवर आहे ते लिहून ठेवतं. इतका चोख कॅशियर मी पाहिलेला नाही. घोळ होतो तो पुढे, जागा वाचवताना. 'फ्लॅक' नावाचा प्रकार आहे, त्यात साडी घडी घालून कपाटात ठेवावी तसं गाणं ठेवतात; उलगडलं की तसंच्या तसं. आणि 'एमपी-थ्री'मध्ये कपाट लहान आहे म्हणून साडीचा काठ कापतात. सीडीतून सेकंदाला 1,411 किलोबिट वाहतात. स्वस्तातल्या एमपी-थ्रीत 128. म्हणजे अकरा रुपयांतला एक रुपया हातात. बाकीचे दहा 'तुमच्या कानाला तसेही कळले नसते' असं म्हणून कापलेले. इतक्या आत्मविश्वासाने कपात फक्त आमचं मुख्य कार्यालय करतं.

नानांना आता कमी ऐकू येतं. कानाला यंत्र आहे, आणि हे नवीन यंत्र त्या यंत्रात बिनतारी गाणं सोडतं. पहिल्या दिवशी नानांनी डोळे मिटून पाच मिनिटं ऐकलं आणि विचारलं, "तंबोरा कुठे गेला?" मी घाबरून सेटिंग बघितलं, तर डेटा वाचवण्याचा पर्याय चालू होता. तो बंद केला. नाना परत कान देऊन बसले. हळूहळू त्यांचा चेहरा बदलला. "आला," ते म्हणाले, "चहाला गेला असेल." स्पीकरवर गेली पाच वर्षं त्यांना तंबोरा ऐकूच येत नव्हता, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. तबकडीचा आवाज उबदार आणि डिजिटल थंड असं म्हणणारे माझे एक मित्र आहेत. त्यांचं म्हणणं मी ऐकून घेतो. पण एका ऐंशीच्या घरातल्या माणसाला ज्याने तंबोरा परत दिला, त्याला थंड म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

दुसरा मुद्दा, क्रमाचा. या यंत्रात 'शफल' नावाचं एक बटण आहे. पत्ते पिसावेत तशी ते गाणी पिसतं. एका रविवारी सकाळी सव्वाआठला त्याने पहिल्यांदाच भैरवी लावली. नानांनी ती शांतपणे ऐकली, शाल घडी केली आणि चपला घालू लागले. मी म्हटलं, "नाना, कुठे?" ते म्हणाले, "भैरवी झाली ना. आता काय थांबायचं?" भैरवी म्हणजे मैफल संपली. साठ वर्षांची सवय आहे ती. या यंत्राला तोडी सकाळची आणि मारवा संध्याकाळचा हेही माहीत नाही. वर्गणी भरण्यापूर्वी तर आलाप ऐन रंगात असताना एक बाई यायच्या आणि कर्ज घ्या म्हणायच्या. दुसरी कसलीही जाहिरात चालली असती. कर्जाची! माणूस रविवारीसुद्धा कचेरीतून सुटत नाही.

तिसरा मुद्दा, मालकीचा. तबकडी हा ओनरशिप फ्लॅट आहे. वर्गणीतलं गाणं म्हणजे अकरा महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स. वर्गणी थांबली की सामान बाहेर. कधी वर्गणी भरलेली असतानाही, कंपन्यांचे आपापसातले करार संपतात आणि कालचं गाणं आज करडं होऊन बसतं. हात लावला तर वाजत नाही. मुंबईकराला हे समजावून सांगायची गरज नाही.

चौथा मुद्दा मात्र गंभीर आहे, आणि खरं म्हणजे तेवढ्यासाठीच हा लेख लिहायला घेतला. तो आहे नावाचा.

कॉमर्सला पहिल्या वर्षी आम्हाला एक गोष्ट घोकून घेतलेली: कुठलीही नोंद तपशिलाशिवाय पुरी होत नाही. रक्कम बरोबर, जमा-नावे बरोबर, पण खाली 'अमुक कारणासाठी अमुक व्यक्तीस दिले' असा तपशील नाही, तर प्रश्नाचे अर्धे गुण गेले. आमच्या 212 तबकड्यांचा सूर नि सूर संगणकाच्या खात्यात जमा झाला. आणि नावं? नावं नावे पडली. वेष्टनाच्या मागच्या बाजूला रकाना नव्हता. पडद्यावर एकाखाली एक ओळी उमटल्या: 'ट्रॅक 01, अननोन आर्टिस्ट'. 'ट्रॅक 02, अननोन आर्टिस्ट'. आमच्या भाषेत याला सस्पेन्स खातं म्हणतात. पैसे आलेत, कुणाचे ते कळत नाही, तोवर इथे ठेवा. साठ वर्षं गळा झिजवून माणसाने शेवटी सस्पेन्स खात्यात पडायचं!

वर्गणीतल्या गाण्यांना नावं असतात, पण ती कशी? एकच खातेदार 'भीमसेन जोशी' म्हणून आहे, 'पं. भीमसेन जोशी' म्हणून आहे आणि 'पंडित भीमसेन जोशी' म्हणूनही आहे. तिन्हींच्या पासबुकात वेगवेगळी शिल्लक. रिझर्व्ह बँकेला कळलं तर तिन्ही खाती गोठवतील. अकारविल्ह्याने लावायला सांगितलं तर सगळे पंडित 'प'मध्ये आणि सगळे उस्ताद 'उ'मध्ये. 'गीतरामायण' शोधा. पुणे आकाशवाणीवर 1955 साली एप्रिलपासून ते सुरू झालं, गदिमांची 56 गीतं, संगीत सुधीर फडक्यांचं. तेव्हा ती वेगवेगळ्या गायक-गायिकांनी म्हटली होती. बाबूजींच्या एकट्याच्या आवाजातल्या तबकड्या मागाहून निघाल्या. आता शोधलं की सगळं एका ढिगात येतं, वर कुठल्याशा गल्लीतल्या वाद्यवृंदाने वाजवलेलंही. आणि गदिमा? कुठे कुठे ते आहेत. तीन ठिपक्यांवर बोट ठेवलं, मग आणखी एका ओळीवर बोट ठेवलं, की कधी कधी भेटतात. जिन्याखालच्या खोलीत ठेवल्यासारखे. तबलजी तर तिथेही नाही. तंबोऱ्यावर बसलेला शिष्य पुढे स्वतः पंडित झाल्याची उदाहरणं थोडी नाहीत. पण त्या बैठकीत तो होता, याचा पुरावा माळ्यावर गेला.

नाव झाकणं आणि नाव हरवणं यांत फरक आहे. लताबाईंनी 'आनंदघन' या नावाने मराठी चित्रपटांना संगीत दिलं. 'साधी माणसं'च्या संगीताला राज्य शासनाचा पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा आनंदघन कोण ते पुढे येईना आणि मग गुपित फुटलं, असं सांगतात. तिथे नाव झाकणारी व्यक्ती हजर होती आणि ते तिने स्वतः झाकलं होतं. इथे कुणीच काही झाकलेलं नाही. नुसता रकाना नाही.

जुन्या तबकड्यांवर एक कुत्रा असायचा, कर्ण्यापुढे बसलेला. 'हिज मास्टर्स व्हॉइस'. लहानपणी मला तो हास्यास्पद वाटायचा. आता त्याच्याबद्दल आदर वाटतो. आवाज आपल्या मालकाचा आहे, एवढं तरी त्या कुत्र्याला कळत होतं.

आमच्याकडे बँकेत दहा वर्षं कुणी हात लावला नाही अशा ठेवी 2014 पासून रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत वर्ग होतात. त्या निधीच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडली की 'डेफ' असा शब्द होतो. डेफ, म्हणजे बहिरा. हा विनोद मी केलेला नाही, रिझर्व्ह बँकेने केलाय. पण नावाशिवायच्या गाण्यांचं पुढे काय होणार, याचं इतकं नेमकं उत्तर मला दुसरीकडे कुठे सापडलेलं नाही.

याला अपवाद आहेत, आणि ऑडिटरने चांगलंही लिहावं. 1990 साली मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था स्थापन झाली. तबकडीच्या मधल्या गुळगुळीत भागावर बारीक आकडे कोरलेले असतात, ते भिंगाने वाचून कुणी, कधी, कुठे गायलं याचा माग काढणारी ही माणसं. 'आठवणीतली गाणी' हे संकेतस्थळ तर प्रत्येक गाण्यापुढे कवी, संगीतकार, गायक अशी रीतसर नोंद ठेवतं. ज्यांना कुणी पगार देत नाही, त्यांनी तपशील जपलाय. ज्यांना आम्ही वर्गणी देतो, त्यांच्याकडे तीन ठिपके.

मग मी ठरवलं, आपल्यापुरतं सस्पेन्स खातं आपणच मोकळं करायचं. दर रविवारी नाना लाल वही घेऊन बसत, मी संगणकापुढे. नाना सांगत, मी टंकत असे. नाना हल्ली जेवून उठल्यावर "आज जेवणाचं काय?" असं विचारतात. डॉक्टर म्हणतात, हे असंच हळूहळू होत जाईल. पण अनुक्रमांक 87ला तबल्यावर कोण, हे ते वही न उघडता सांगत. मी वहीत पडताळून बघे. बरोबर असे. कन्या शेजारी बसून ऐकायची. तिला मी एक गोष्ट सांगितली, ती तिला फार आवडली. 1902 साली कलकत्त्यात गोहरजान यांचं गाणं मुद्रित झालं. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कामगारांना हे गाणं कुणाचं ते कसं कळणार? म्हणून गाणं संपता संपता त्या स्वतःचं नाव इंग्रजीत सांगायच्या. सव्वाशे वर्षांपूर्वी ही बाई स्वतःचा तपशील स्वतः भरत होती. कन्या म्हणाली, "म्हणजे गाण्याच्या शेवटी ऐकायचं. सोप्पंय."

तबकड्या संपल्यावर कॅसेटी राहिल्या. वहीत त्यांची नोंद नव्हती. मी विचारलं तर नाना म्हणाले, "त्या विकत घेतल्या नव्हत्या. खर्च नाही, तर नोंद कसली?" हिशेब खात्याचा नियम. त्या एका खोक्यात होत्या, रेडिओवरून उतरवलेल्या, बहुतेकांवर काहीच लिहिलेलं नाही. मी बँकेत असताना कन्येने एकटीने त्या चढवल्या. संध्याकाळी घरी येऊन बघतो, तर यादीत भीमसेन, माणिक वर्मा, कुमार गंधर्व, आणि त्यांच्या खाली कलावंत म्हणून आमच्या नानांचं संपूर्ण नाव. आडनावासकट.

मी लावून बघितलं. भांड्यांचा आवाज. बायकांचं हसणं. एक पेटी, जरा चढीच. आणि मग आईचा आवाज.

कॅसेटवर नानांच्या अक्षरात 'हळदीकुंकू, 86' एवढंच होतं. आई गेली 2007 साली. कन्येचा जन्म 2010चा. तो आवाज तिला ओळखू येण्याचं कारणच नव्हतं. मी तिला विचारलं, "अगं, हे आजोबांचं नाव कसं टाकलंस?"

ती म्हणाली, "शेवटी ऐका ना."

शेवटी ऐकलं. गाणं संपतं, बायका टाळ्या वाजवतात, आणि मग गलका होतो: नाव घे, नाव घे! आई "इश्श" म्हणते आणि उखाणा घेते. उखाण्यात अर्थातच नानांचं नाव.

"उखाणा आहे ते कळलं मला," कन्या म्हणाली, "पण पूर्ण टेपमध्ये दुसरं नावच नाही. मला वाटलं, गायलंय आजीने, पण आहे आजोबांच्या नावावर. आपला फ्लॅट नाही का, तसं."

माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. मी नानांच्या कानातल्या यंत्रात ते गाणं सोडलं.

नानांनी पूर्ण ऐकलं. मला भीती वाटत होती, आवाज ओळखतील की नाही. गाणं संपल्यावर म्हणाले, "पेटी बेसूर आहे." मग पडद्याकडे बघून म्हणाले, "हे माझं नाव इथे कुणी घातलं? मी नुसती पेटी वाजवली. काढ ते." मी खोडलं आणि विचारत विचारत आईचं नाव टंकायला लागलो, आईचं लग्नानंतरचं नाव, मधे नानांचं, शेवटी आमचं आडनाव. नाना म्हणाले, "हे नव्हे. हे रेशन कार्डावरचं. गाण्यातलं लिही."

आईचं माहेरचं आडनाव मला माहीत होतं. नसायला काय झालं? बँकेत ओळख पटवायला आम्ही लोकांना तेच तर विचारतो. हजारो माणसांना मी काउंटरवरून विचारलंय, 'आईचं माहेरचं नाव?' माझ्या स्वतःच्या खात्याला तेच उत्तर आहे. पण त्या आडनावाच्या आधी एक पहिलं नाव होतं, लग्नात ते बदललं गेलं, आणि त्या नावाची कुणी मुलगी गाणं शिकत होती, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी नानांनी सांगितलं. "मध्यमा पास होती ती," ते म्हणाले, "त्या नावाने. माझ्या नावाने ती गाण्याला बसलीच नाही. एकदा हळदीकुंकवाला काय ते."

ते नाव मी इथे छापत नाही. बँकेच्या सुरक्षेच्या नियमांत ते बसत नाही. पण आमच्या यादीत आता ते आहे, आणि शफल लावलं की माणिकबाईंच्या आगेमागे कुठेतरी ते येतं.

नानांनी मग लाल वही मागितली. त्यात तेरवाच्या पानावर नवीन अनुक्रमांक घातला: 213. कलावंत, लिहिलं. साथ: पेटी, स्वतः, खाली कंसात 'चू. भू. द्या. घ्या.' कुठून घेतली: रेघ. किंमत: इथे ते बराच वेळ थांबले आणि तिथेही रेघच मारली.

"शेरा?" मी विचारलं.

नाना म्हणाले, "लिही: दोनदा लावली."

मी म्हटलं, "नाना, एकदाच लावली आपण."

"मग लाव आणखी एकदा," नाना म्हणाले. "वहीत खोटी नोंद नको."